लॅपटॉप काम करताना बंद पडला, आता सुरूच होत नाही. आत दिवाळी अंकाची पानं अडकलीत

अक्षरजुळणी, नौपाडा

नमस्कार. मी नौपाड्यात घरूनच डीटीपीचं काम करते. सध्या एका छोट्या दिवाळी अंकाची मांडणी हातात आहे आणि ऐन वेळी लॅपटॉपने मान टाकली आहे. कोणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

मशीन २०२० सालचं, पंधरा इंची, विंडोज ११. मुळात ८ जीबी रॅम होती. इनडिझाइन आणि फोटोशॉप एकत्र उघडलं की फार अडकायचं, म्हणून नंतर आणखी ८ जीबीची पट्टी बसवून घेतली. आत फिरती हार्ड डिस्क नाही, एसएसडी म्हणजे चिपवर साठवण करणारी डिस्क आहे. वॉरंटी संपलेली.

गणपती झाल्यावर त्रास सुरू झाला. काम करता करता मधेच निळा पडदा यायचा, टक्केवारी शंभरापर्यंत जायची आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. त्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत. एकात मेमरी मॅनेजमेंट लिहिलंय, एकात आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल, आणखी एकात पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. दर वेळी वेगळंच. कधी फोटोशॉपमध्ये मोठी फाइल उघडल्यावर, तर कधी नुसता ईमेल वाचत असताना.

शनिवारी मागच्या जाहिरातींची पानं लावत होते. पडदा गोठला, माउस हलेना. बराच वेळ वाट पाहून बटण दाबून बंद केला. तेव्हापासून सुरू होत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, काही सेकंदांनी थांबतो, परत फिरतो. पडदा काळाच. कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नाही. त्या दुपारी आमच्याकडे लाइट जाऊन आली होती, पण तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर होता.

जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी बटण दाबून पाहिलं आणि म्हणाले, मदरबोर्ड गेला, ठेवून जा, डेटाची खात्री नाही. मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. मी परत घेऊन आले.

अंकाचे पहिले फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे गठ्ठे) छापखान्यात गेलेत, त्यांच्या प्लेटाही निघाल्या. शेवटचे दोन फॉर्म आत आहेत: कवितांचा विभाग आणि जाहिराती. जाहिराती पुन्हा मागवता येतील. पण कवितांमध्ये पहिल्यांदाच छापून येणारी मंडळी आहेत. कळव्याच्या एका आजींनी वहीत लिहिलेल्या कविता मी बसून टाइप केल्यात, त्यांनी फोनवर एकेक ओळ ऐकून दुरुस्त्या सांगितल्यात. मुद्रितशोधन होऊन सगळ्या दुरुस्त्या घातलेली फाइल फक्त याच मशीनमध्ये आहे. लॅपटॉप नवा घ्यावा लागला तरी घेईन, पण ती पानं मला हवीत.


घोडबंदर_निखिल

ताई, आधी सोपा उपाय करून बघा. चार्जर काढा, यूएसबीला लावलेलं सगळं काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून सुरू करा. माझा असाच अडकला होता, त्याने निघाला.


कळवा_८४

निळे पडदे म्हणजे विंडोज बिघडलंय. पेनड्राइव्हवर विंडोज घेऊन सरळ फॉरमॅट मारा, नव्यासारखा होईल. डेटा नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने मिळतो.


सोल्डर_आणि_फ्लक्स, कोपरखैरणे

ताई, फॉरमॅट अजिबात करू नका. हे पहिलं वाक्य म्हणून लिहितोय, बाकीचं सावकाश वाचा.

जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही पुष्कळ काही परत मिळायचं. एसएसडीचं तसं नाही. पुसलेल्या जागा ती ट्रिम नावाच्या व्यवस्थेने आतल्या आत मोकळ्या करून टाकते. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणलं तरी हाती काही लागत नाही. आणि मुळात तुमचं मशीन विंडोजपर्यंत पोचतच नाहीये. लोगो येण्याआधी मशीन आपलं हार्डवेअर तपासतं: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स. ती तपासणी पार पडली की लोगो, आणि त्यानंतर विंडोज. म्हणून बंद मशीन समोर आलं की मी पहिल्यांदा एवढंच बघतो, ते नेमकं कुठे अडकतंय. लोगो येऊन पुढे गोल फिरत राहत असेल तर विंडोज किंवा एसएसडीकडे बघायचं. त्या वेळी सुरू होताना दोन-तीनदा बटण दाबून बंद केलं की दुरुस्तीचा पडदा येतो, तिथून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाता येतं. लोगोच नसेल तर विंडोजला हात लावून काही उपयोग नाही.

तुमच्या लिखाणातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते फोटो. दर वेळी वेगळा कोड, वेगळ्या कामाच्या वेळी. एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) बिघडला असता तर बहुधा तोच तो कोड पुन्हा पुन्हा आला असता. मशीन तापल्यामुळे बंद पडत असतं तर निळा पडदा न येता खटकन बंद झालं असतं आणि थंड झाल्यावर निमूट सुरू झालं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात अशी मशीन माझ्याकडे भरपूर येतात, पंख्याच्या जाळीत कापसासारखी धूळ बसलेली असते. तुमची लक्षणं ती नाहीत. माझा संशय रॅमवर आहे, त्यातही नंतर बसवलेल्या पट्टीवर किंवा तिच्या खाचेवर. पावसाळ्याचे चार महिने इकडे हवा इतकी दमट असते की पट्टीच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर धरतो. मदरबोर्ड गेला असेलही, पण ते झाकण न उघडता सांगता येत नाही.

उघडण्याआधी या गोष्टी बघून सांगा.

चार्जर भिंतीला लावा, त्याच्यावरचा दिवा लागू द्या, मग पिन लॅपटॉपमध्ये घाला. दिवा विझला तर बोर्डावर शॉर्ट आहे आणि पुढचं सगळं थांबवा. नाही विझला तर बरं.

अंधाऱ्या खोलीत मशीन सुरू करून पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. अगदी पुसट अक्षरं दिसली तर फक्त पडद्यामागचा दिवा गेलाय. एचडीएमआयने टीव्हीला जोडूनही बघा.

बटण दाबल्यावर चार्जिंगचा दिवा किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक तालात लुकलुकतो का? रंग आणि ताल लिहून पाठवा. पडदा नसतो तेव्हा मशीन तेवढंच बोलू शकतं.

टचपॅड वर उचलला गेलाय का, झाकण मधे फुगलंय का, तेही बघा. असेल तर बॅटरी फुगली आहे. दाबू नका, चार्जिंगला लावू नका.


अक्षरजुळणी, नौपाडा

दादा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. निखिल, तुम्ही सांगितलेलं केलं, फरक नाही.

चार्जरचा दिवा विझत नाही. टॉर्च मारून काही दिसलं नाही, टीव्हीवरही काही नाही. टचपॅड सपाट आहे. आणि हो, चार्जिंगजवळचा दिवा लुकलुकतो! आधी नीट पाहिलंच नव्हतं, वाटलं बॅटरी कमी असेल. दोनदा केशरी, तीनदा पांढरा, मग थांबतो आणि पुन्हा तसंच.


सोल्डर_आणि_फ्लक्स, कोपरखैरणे

मग उत्तर जवळपास मिळालंच. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, त्यातला दिव्यांचा तक्ता एकदा पडताळून घ्या. दोन केशरी, तीन पांढरे याचा अर्थ मी जी मशीन दुरुस्त करतो त्यांत मेमरी सापडली नाही असा असतो. बोर्ड स्वतः जागा आहे, तपासणी करतोय आणि रॅमपाशी थांबतोय.

आता उघडा. चार्जर काढलेला हवा. एका कोऱ्या कागदावर मागच्या झाकणाची आकृती काढा आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डाला भोक पडतं, अशी मशीन मी पाहिली आहेत. झाकण एटीएम कार्डाच्या कडेने सोडवा, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची वायर बोर्डावरून सोडवायची. वायर ओढू नका, कनेक्टर धरून सरकवा. आत हात घालण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावून या, अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते.

रॅमच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ढकलले की पट्टी तिरकी उभी राहते. दोन्ही काढा. सोनेरी कडा साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका, मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. खाच कोरड्या मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, ओल जाते.

आता फक्त जुनी, कंपनीची पट्टी पहिल्या खाचेत बसवा. टक् असा आवाज येईपर्यंत. बॅटरी जोडा, सुरू करा आणि थांबा. रॅम बदलल्यावर मशीन तिची नव्याने ओळख करून घेतं, त्यात मिनिट-दोन मिनिटं पडदा काळा राहू शकतो. घाईने बटण दाबू नका.

आणि लोगो दिसला की आनंदाने लगेच इनडिझाइन उघडू नका! हे फार महत्त्वाचं आहे. बिघडलेली रॅम नुसतं मशीन बंद पाडत नाही, तिच्यातून जाणारा मजकूरही बिघडवते. फाइल सेव्ह करताना चुकीचे अंक डिस्कवर लिहिले जातात आणि त्या वेळी काही कळत नाही. डिस्कवरच्या चुका दुरुस्त करणारं विंडोजचं साधन, चेक डिस्क, तेही आत्ता चालवू नका, तेही त्याच रॅमच्या भरवशावर दुरुस्त्या करतं. आधी एसएसडी काढून दुसऱ्या चांगल्या मशीनवर सगळं उतरवून घ्या. एका स्क्रूने धरलेली च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते ती. तिच्यासाठी यूएसबीचं एनक्लोजर, म्हणजे तिला दुसऱ्या मशीनला जोडायची डबी, मिळतं, साधारण हजार-दोन हजारांत. ठाण्यात नाही मिळालं तर लॅमिंग्टन रोडला नक्की, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. एनव्हीएमई आणि साटा, दोन्ही चालणारं मागा, म्हणजे तुमची एसएसडी कुठल्या जातीची आहे याची चिंता नको.


महापे_सपोर्ट

ताई, एक गोष्ट आधीच हाताशी ठेवा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर बहुतेक लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. आपल्याला पत्ताही नसतो, कारण रोज ते कुलूप मशीन स्वतःच उघडतं. एसएसडी दुसरीकडे जोडली की मात्र बिटलॉकर नावाच्या त्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये मिळते. मोबाइलवरूनही बघता येते. आधी शोधा, कागदावर लिहा, मग एसएसडी काढा.

मी कंपन्यांच्या मशीनचा सपोर्ट बघतो. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आठवत असेल. हार्डवेअर सगळ्यांचं ठणठणीत होतं. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की काम व्हायचं. पण ज्यांच्याकडे ही की नव्हती ते त्या सेफ मोडपर्यंतच पोचू शकत नव्हते.


प्रूफवाचक, नेरूळ

मी छापखान्यांची कामं करतो म्हणून लिहितो. तुमचा मजकूर श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, स्वतःच्या फाँटसह) असेल तर नुसत्या इनडिझाइनच्या फाइली घेऊन चालणार नाही. दुसऱ्या मशीनवर फाँट नसले की सगळ्या कविता इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. फाँटचं फोल्डर आणि लिंक केलेली चित्रं सोबत घ्या. श्रीलिपी चालायला मशीनला लावावं लागतं ते हार्डवेअर लॉक तुमच्याकडे आहे ना? आणि अॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये इनडिझाइन रिकव्हरी नावाचं फोल्डर असतं. गोठण्याआधी सेव्ह न झालेलं काम तिथे असू शकतं, तेही उचला.


अक्षरजुळणी, नौपाडा

मंडळी, पानं मिळाली! सगळ्यांना आधी हेच सांगायचं होतं.

सविस्तर सांगते, कोणाला उपयोग होईल. दादांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर स्क्रू टोचून झाकण उघडलं. नंतर बसवलेल्या पट्टीच्या कडेला एका टोकाला हिरवट डाग होता. जुन्या पट्टीवर नव्हता. पुसून फक्त जुनी बसवली. पडदा इतका वेळ काळा राहिला की दादांचं वाक्य वाचलेलं नसतं तर मी नक्की बटण दाबलं असतं. मग लोगो आला. विंडोजपर्यंत जाऊ न देता तिथेच बंद केला.

रिकव्हरी कीसाठी मात्र घाम फुटला. माझ्या खात्यात ती नव्हतीच. मग आठवलं, लॅपटॉप घेतला तेव्हा सगळं सेटिंग भाच्याने करून दिलं होतं. तो ऐरोलीला असतो. त्याला फोन केला, त्याने आपल्या खात्यात बघितलं, तर माझ्या लॅपटॉपची की तिथे बसलेली. एनक्लोजर घेऊन त्याच्याकडेच गेले. की मागितली, घातली, आणि फोल्डर उघडलं. फाँट, लिंक, रिकव्हरी फोल्डर, सगळं उतरवून घेतलं. हार्डवेअर लॉक त्याच्या मशीनला लावून श्रीलिपी बसवली.

कवितांची फाइल व्यवस्थित उघडली. आजींच्या कविता छापील प्रूफाशी ओळीनुसार ताडून पाहिल्या, एक वेलांटीही हललेली नाही. जाहिरातींमध्ये मात्र दादा म्हणाले तसंच झालंय. शनिवारीच सेव्ह केलेल्या एका सराफाच्या जाहिरातीची टिफ फाइल खालच्या बाजूला नुसत्या आडव्या रंगीत पट्ट्या दाखवते, वरचा हार आणि नाव स्वच्छ. ती पुन्हा मागवली, लगेच पाठवली त्यांनी. दोन्ही फॉर्मची पीडीएफ भाच्याच्या मशीनवरून काढून रबाळ्याला छापखान्यात पाठवली.

आता प्रश्न लॅपटॉपचा. एका पट्टीवर चालतोय. दुसरी टाकून देऊ का?


सोल्डर_आणि_फ्लक्स, कोपरखैरणे

फार छान केलंत ताई. वाचून खरंच बरं वाटलं. अंक निघाला की नाव कळवा, मी घेणार.

पट्टी लगेच टाकू नका. आधी ठरवू या की दोष पट्टीचा आहे की खाचेचा. दुसऱ्या मशीनवर पेनड्राइव्हमध्ये मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर तयार करा, फुकट आवृत्ती पुरेशी आहे. लॅपटॉपमध्ये फक्त जुनी पट्टी ठेवा आणि रात्रभर चालू द्या. मग तीच जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पुन्हा. दोन्हीकडे एकही चूक आली नाही तर खाचा चांगल्या आहेत. त्यानंतर संशयित पट्टी एकटी घालून चालवा. चुका लाल रंगात येतात. एक आली तरी ती पट्टी बाद, थोड्याच आहेत म्हणून चालवून घ्यायचं नाही. जुन्या पट्टीवर टेस्ट स्वच्छ येईपर्यंत त्या मशीनवर छपाईचं काम करू नका.


अक्षरजुळणी, नौपाडा

चालवलं. जुनी पट्टी दोन्ही खाचांत स्वच्छ. नवी घातल्यावर थोड्याच वेळात पडदा लाल ओळींनी भरला. म्हणजे बोर्ड चांगला आहे ना?


सोल्डर_आणि_फ्लक्स, कोपरखैरणे

हो, बोर्ड आणि खाचा दोन्ही चांगल्या. त्या पट्टीवरचा स्टिकर काढू नका आणि ती बसवली तेव्हाचं बिल शोधा. बऱ्याच रॅम कंपन्या सुट्या पट्टीला अनेक वर्षांची वॉरंटी देतात, लॅपटॉपची वॉरंटी संपली असली तरी पट्टीच्या वॉरंटीचा तिच्याशी संबंध नसतो. स्टिकरवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की मुदत कळेल. बदलून नाही मिळाली तर नवी घेताना जुन्या पट्टीवर डीडीआर४ पुढे जो वेग लिहिलाय तोच मागा. तोपर्यंत ८ जीबीवर काम होईल, फक्त फोटोशॉप आणि इनडिझाइन एका वेळी उघडू नका. आणि भाच्याच्या खात्यातली ती की तुमच्या वहीत लिहून ठेवा, किंवा डिस्कचं कुलूप काढून तुमच्या खात्याने पुन्हा लावा.